वॉशिंग्टनची पत्रं, आणि मार्थाबाईंनी जाळलेली

शेवंती

नमस्कार मंडळी. गेले तीन महिने रात्री ओटा आवरून झाला की मी जॉर्ज वॉशिंग्टनची पत्रं वाचत बसते. लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी एक पत्र शोधायला गेले आणि तिथेच अडकले. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येतात. बूट, ब्लँकेटं, थकलेले पगार, बंदुकीची दारू, पळून गेलेले शिपाई, काँग्रेसला (म्हणजे तिकडच्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला) केलेल्या विनवण्या. इंग्रजांविरुद्ध आठ वर्षं लढाई चालू असताना हा माणूस रोजच्या रोज इतकं लिहीत होता हे बघून छाती दडपते.

या सगळ्या लष्करी कागदांत १८ जून १७७५ चं एक पत्र सापडलं. फिलाडेल्फियाहून बायकोला, म्हणजे मार्थाबाईंना लिहिलेलं. तीनच दिवसांपूर्वी काँग्रेसने त्याला सरसेनापती नेमलंय आणि घरी हे कसं कळवावं ते त्याला सुचत नाहीये. तो तिला लाडाने पॅट्सी म्हणतो. हे पद मी मागितलं नाही, टाळता येईल तेवढं टाळलं, असं शपथेवर सांगतो. घरी तुझ्याजवळ एका महिन्यात जे सुख मिळेल ते बाहेर सात साते एकोणपन्नास वर्षं राहूनही मिळणार नाही, असं लिहितो (त्याने खरोखरच 'सात गुणिले सात' लिहिलंय!). पानगळीच्या सुमारास सुखरूप परत येईन, म्हणतो. मग सांगतो की मृत्युपत्र तयार करून घेतलंय, ते सोबत जोडलंय. आणि सगळ्यात खाली ताजा कलम: तुझं १५ तारखेचं पत्र आत्ता हाती आलं, सगळ्यात छान म्हणून दाखवली त्या मलमलीचे दोन जोड घेतलेत, तुला आवडावेत, २० शिलिंग वार पडली.

मृत्युपत्र आणि मलमल एकाच कागदावर. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

त्या पानगळीला तो घरी आला नाही. मधे १७८१ साली यॉर्कटाऊनच्या लढाईला जाताना काही दिवस टेकला तेवढाच. कायमचा परतला तो १७८३ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी.

दोघांचा संसार जवळजवळ एक्केचाळीस वर्षांचा. एकमेकांना किती पत्रं लिहिली असतील! आज त्यातली हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत, कारण तो गेल्यावर मार्थाबाईंनी ती जाळून टाकली. जून १७७५ ची दोन पत्रं लिहायच्या मेजाच्या खणात राहून गेली आणि पुढे नातीला मिळाली, म्हणून वाचली.

मला तुम्हा सगळ्यांना विचारायचंय, तिने केलं ते बरोबर होतं का? कधी तिचा राग येतो, तर कधी वाटतं की मी कोण विचारणार?

---

बोरकूट

बरोबरच केलं. नवराबायकोतलं नवराबायकोत.

---

मोडीवाचक

शेवंतीताई, धागा आवडला. माझं निम्मं आयुष्य दप्तरातल्या रुमालांमध्ये (जुन्या कागदांच्या गाठोड्यांमध्ये) गेलं, त्यामुळे जळलेला कागद म्हटलं की माझ्या पोटात कालवतं. तरी थोडं वेगळं सांगतो.

तुम्ही जी लष्करी पत्रं वाचताय त्यातली बरीचशी त्याच्या हातची नाहीत. त्याच्याकडे हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांचा ताफाच होता: अलेक्झांडर हॅमिल्टन, टेंच टिल्घमन, रॉबर्ट हॅन्सन हॅरिसन, जॉन लॉरेन्स. तो मुद्दे सांगणार, हे मसुदा करणार, तो दुरुस्त्या करून सही करणार. आपल्याकडे कारकुनाने मजकूर लिहायचा आणि शेवटी मोर्तब व्हायचं, साधारण तसंच. पेशव्यांच्या कागदांत कारकुनाच्या वळणदार मोडीखाली मधेच दोन ओळी स्वदस्तूर, म्हणजे धन्याच्या स्वतःच्या हातच्या, निघाल्या की आम्ही जागेवरून उठतो. तो खरा माणूस बोलत असतो. मार्थाबाईंनी जाळलं ते असं सगळं स्वदस्तूर. नुकसान मोठं आहे, ते नाकारून चालणार नाही.

कागद जपण्याबद्दल तो स्वतः फार दक्ष होता. १७८१ मध्ये, युद्ध चालू असताना, त्याने काँग्रेसकडून परवानगी घेऊन रिचर्ड व्हॅरिक नावाच्या अधिकाऱ्याला फक्त पत्रव्यवहाराच्या नकला करायला नेमलं. व्हॅरिकने कारकून हाताशी घेतले आणि दोन-सव्वादोन वर्षांत ४४ मोठे खंड सुवाच्य अक्षरात उतरवून दिले. शिपायांना द्यायला पगार नव्हता त्या काळात हे काम चाललं होतं.

---

रिचमंडकर

मी व्हर्जिनियात राहतो, माउंट व्हर्ननला, वॉशिंग्टनच्या घरी, पाहुण्यांना घेऊन सात-आठ वेळा गेलोय. पोटोमॅक नदीकडे तोंड करून लांबच लांब ओसरी आहे, तिथे खुर्च्या मांडलेल्या असतात. पाहुणे फोटो काढत असतात आणि मी बसून राहतो.

मोडीवाचक म्हणतात ते अगदी शेवटच्या दिवसापर्यंत खरं आहे. १४ डिसेंबर १७९९ ला घसा सुजून श्वास कोंडत होता, बोलणं कष्टाचं झालं होतं, तेव्हा त्याने चिटणीस टोबियस लिअरला जवळ बोलावून सांगितलं की माझी अलीकडची लष्करी पत्रं आणि कागद नीट लावून नोंदवा, हिशेब मिटवा. लिअरने हे त्याच वेळी टिपून ठेवलं. त्याआधी १७९७ मध्ये त्याने एका पत्रात लिहिलंय की लष्करी, मुलकी आणि खाजगी कागदांसाठी घराजवळ वेगळी इमारत बांधायचा विचार आहे. ती त्याच्या हयातीत झाली नाही. तिथलं ग्रंथालय उघडलं २०१३ साली!

म्हणजे त्याच्या यादीत 'खाजगी' हा शब्द होता. त्याला तेही ठेवायचं होतं असं मला वाटतं. मार्थाबाईंना हे ठाऊक नसेल असं कसं म्हणायचं? तरी त्यांनी जाळलं.

---

बोरकूट

त्याला ठेवायचं होतं आणि तिला नव्हतं. पत्रं दोघांची होती की. मागे राहिलं त्याने ठरवायचं.

---

तिरफळ

मला लढाईतला पत्रव्यवहार जास्त आवडतो. दोन किस्से सांगतेच.

जुलै १७७६. न्यूयॉर्कच्या बंदरात इंग्रजांचं आरमार येऊन ठेपलंय. अ‍ॅडमिरल हाऊने पांढरं निशाण लावून एक अधिकारी पत्र घेऊन पाठवला. पाकिटावर पत्ता: 'जॉर्ज वॉशिंग्टन, एस्क्वायर'. जनरल नाही, काही नाही, नुसते श्रीयुत. वॉशिंग्टनच्या हाताखालच्या जोसेफ रीडने तिथल्या तिथे सांगितलं की या पत्त्याचं आमच्या सैन्यात कुणी नाही, आणि पत्र हातात घेतलंच नाही. मग पुढच्या पत्रावर आलं 'जॉर्ज वॉशिंग्टन, एस्क्वायर, इत्यादी इत्यादी'. तेही परत! आलेला कर्नल समजावत होता की इत्यादीमध्ये सगळं येतं. वॉशिंग्टन म्हणाला, सगळं येतं आणि काहीही येतं.

दुसरा. ऑक्टोबर १७७७, जर्मनटाऊनची लढाई हरल्यावर दोनच दिवसांनी एक कुत्रा अमेरिकन छावणीत सापडला. गळ्यातल्या पट्ट्यावर इंग्रज सेनापती हाऊचं नाव (हा अ‍ॅडमिरलचा भाऊ). वॉशिंग्टनने कुत्रा परत पाठवला, सोबत दोन ओळींची चिठ्ठी: जनरल वॉशिंग्टन यांचा नमस्कार, चुकून हाती आलेला आपला कुत्रा परत करताना आनंद होतो. मसुद्याचं अक्षर हॅमिल्टनचं. आमच्या वाड्यावर शेजाऱ्याची कोंबडी आली तरी एवढ्या अदबीने परत जात नाही.

---

मोडीवाचक

तिरफळबाई, पहिला किस्सा ज्याने मराठी कागद हाताळलेत त्याला लगेच भिडेल. आपल्याकडे मायना चुकला तर पत्राचा पुढचा मजकूर वाचायची गरजच नसायची. 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' कुणाला, नुसतं 'राजश्री' कुणाला, आशीर्वाद कुणाला आणि नमस्कार कुणाला, यावर दरबारात रुसवेफुगवे होत. 'जनरल' लिहिलं असतं तर काँग्रेसला राज्य म्हणून मान्यता दिल्यासारखं झालं असतं. हाऊला ते नको होतं आणि वॉशिंग्टनला तेच हवं होतं. सगळा झगडा पाकिटावरच्या एका शब्दात आलाय.

---

कावेरी_२२

धागा छान चाललाय, पण मी थोडं कडू बोलणार आहे.

२ जुलै १७६६ चं पत्र वाचलंय का कुणी? वॉशिंग्टनने एका जहाजाच्या कप्तानाला लिहिलेलं. सोबत टॉम नावाचा गुलाम पाठवतोय, वेस्ट इंडीजच्या बेटांवर कुठेही मिळेल त्या किमतीला विका, म्हणतो. टॉम पळून जातो पण तब्येतीने धडधाकट आहे, कुदळीच्या कामात तरबेज आहे. जहाज समुद्रात जाईपर्यंत त्याला बेड्या घालून ठेवा. आणि त्याच्या बदल्यात काय आणायचं त्याची यादी: काकवीचं एक पिंप, रमचं एक पिंप, चांगली आणि स्वस्त मिळाली तर लिंबं, सुमारे दहा पौंड चिंचेचं एक मडकं, मुरांब्याचे दोन लहान डबे.

चिंच! मी आमटीत घालते ती. त्या दिवशी चिंचेच्या बरणीत हात घालवेना मला.

ज्या हाताने मलमलीचं ते गोड पत्र लिहिलं त्याच हाताने हे लिहिलंय. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय हा माणूस कळणार नाही.

---

सह्यवासी

कावेरीताई, मान्य. पण माणूस बदलतो हेही बघा. मृत्युपत्रात त्याने स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांना मुक्त करायचं लिहून ठेवलं. त्या काळातल्या किती पुढाऱ्यांनी तेवढं केलं?

---

कावेरी_२२

सह्यवासीदादा, मृत्युपत्र मी वाचलंय आणि त्याबद्दल आदर आहेच. पण मधलं एक पत्र राहिलं, ते या धाग्याच्या प्रश्नाशीच जोडलेलं आहे.

तो राष्ट्राध्यक्ष असताना राजधानी फिलाडेल्फियात होती. पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे बाहेरून येऊन राहिलेल्याचा गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला तर स्वातंत्र्य मागू शकत होता. १२ एप्रिल १७९१ ला वॉशिंग्टनने लिअरला लिहिलं की त्या लोकांना मुदतीच्या आत काहीतरी निमित्त काढून राज्याबाहेर, घरी पाठवा, असं निमित्त की ते त्यांनाही कळू नये आणि लोकांनाही. पुढे लिहितो, हे तुझ्या आणि मिसेस वॉशिंग्टनच्या पलीकडे कुणाला कळता कामा नये.

मार्थाबाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांचीच दासी ओना जज १७९६ च्या मे महिन्यात त्या घरातून पळाली. दोघं जेवायला बसलेली असताना ती बाहेर पडली आणि न्यू हॅम्पशायरला पोचली. तिला परत आणण्याबद्दल वॉशिंग्टनने लिहिलेली पत्रं आहेत. ती शेवटपर्यंत परत गेली नाही.

शेवंतीताई, जळलेल्या पत्रांमध्ये सगळं प्रेमच होतं असं आपण का धरून चाललोय? त्यात घरचे हिशेब असतील, माणसांचे असतील, कुणाला विकायचं आणि कुणाला ठेवायचं ते असेल. ज्यांची नावं दुसरीकडे कुठे लिहिलीच गेली नाहीत त्यांचा शेवटचा माग त्या चुलीत गेला असेल. म्हणून मला राग येतो.

---

शेवंती

कावेरी, मला हे सुचलंच नव्हतं. दिवसभर डोक्यात हेच घोळतंय.

---

नेवाळी

मी फार इतिहास वाचत नाही. पण धाग्याचं नाव वाचून आत आले आणि जे मनात आलं ते लिहिते.

माझे सासरे फौजेत होते, ७१ ला सीमेवर. पत्ता नेहमी एकच, '५६ एपीओ'. माणूस कुठे आहे ते पत्त्यावरून कधीच कळायचं नाही. सासूबाई आठवड्याला एक पत्र पाठवायच्या. आलेली सगळी पत्रं जुन्या नऊवारीत बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. सासरे गेले त्या वर्षी पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी ते गाठोडं सोडलं आणि एकेक पत्र वाचून बंबात घातलं. मी शेजारी उभी होते. म्हटलं, आई, अहो राहू द्या ना. त्या म्हणाल्या, 'माझं वाचून झालं.'

एक पत्र बंबाच्या मागे पडलं होतं, ते राखेबरोबर मला मिळालं. मी त्यांना सांगितलं नाही. त्यात लढाईचं अक्षरही नाही. लसणाचं लोणचं पोचलं, बरणी फुटली नाही, सगळ्यांनी मिळून दोन दिवसांत संपवलं, असं लिहिलंय.

बरोबर की चूक मला सांगता येत नाही. ते पत्र माझ्या कपाटात आहे.

---

बोरकूट

नेवाळीताई. _/\_

---

तिरफळ

नेवाळी, पत्त्यावरून कळू द्यायचं नाही यावरून आठवलं. वॉशिंग्टनचं हेरखातं माहीत असेल. न्यूयॉर्क इंग्रजांच्या ताब्यात, तिथून बातम्या काढायचं काम बेंजामिन टॉलमाजकडे. नावांऐवजी सगळ्यांना आकडे दिलेले: वॉशिंग्टन ७११, टॉलमाज ७२१, न्यूयॉर्क ७२७. शिवाय एक अदृश्य शाई होती, जॉन जेचा भाऊ डॉक्टर जेम्स जे याने बनवलेली. ती वाचायला दुसरं द्रावण फिरवावं लागे. आपण शाळेत लिंबाच्या रसाने लिहून कागद दिव्यावर धरायचो तसली नाही.

१७८० च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनने टॉलमाजला युक्ती सुचवली: कोरा कागद पकडला जाईल, त्यापेक्षा इंग्रजांच्या बाजूच्या माणसाने लिहावं तसं पत्र लिहा, त्यात थोडं घरगुती घाला, आणि ओळींच्या मधल्या जागेत त्या शाईने खरी बातमी. घरगुती मजकुराच्या आड लष्करी मजकूर! कावेरीचं वाचल्यावर मला हेच आठवत राहिलं.

---

सह्यवासी

लष्करी पत्रांबद्दलही थोडं बोलूया, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. २३ डिसेंबर १७७७ ला व्हॅली फोर्जच्या छावणीतून काँग्रेसचे अध्यक्ष हेन्री लॉरेन्स यांना लिहिलेलं पत्र जमलं तर सगळ्यांनी वाचा. रसदीत मोठा बदल झाला नाही तर हे सैन्य उपाशी मरेल, मोडेल किंवा पांगेल, असं सरळ सांगतो. छावणीत २,८९८ माणसं कामावर येऊ शकत नाहीत, कारण पायात काही नाही आणि अंगावर धड कपडे नाहीत. 'सुमारे तीन हजार' असं तो म्हणत नाही. शेवटच्या माणसापर्यंत मोजून सांगतो. बाहेर बर्फ पडत असताना शेकोटीजवळ बसून तक्रारीचे खलिते लिहिणं सोपं आहे, असंही सुनावतो.

आणि आपल्याशी थेट जोडलेलं एक. १७ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाऊनच्या वेढ्यातून इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने वॉशिंग्टनला चिठ्ठी पाठवली: चोवीस तास लढाई थांबवावी, शरणागतीच्या अटी ठरवायला दोन-दोन अधिकारी नेमावेत. दोन दिवसांनी सैन्य शरण आलं. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९१ च्या मे महिन्यात टिपूवर चालून गेला आणि श्रीरंगपट्टणसमोरून उपाशी फौज घेऊन, स्वतःच्या तोफा फोडून मागे फिरला. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज भेटली, मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारातलं धान्य मिळालं तेव्हा इंग्रज शिपाई जेवला. ती मोहीम पटवर्धनांच्या दप्तरातल्या पत्रांत आहे, वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ती छापली म्हणून आपण वाचतो.

---

मोडीवाचक

सह्यवासी, खरेशास्त्र्यांचं नाव काढलंत, बरं वाटलं. मिरजेत बसून त्या माणसाने आयुष्य वेचलं त्या कागदांवर.

त्याच्या उलट अमेरिकेत काय झालं बघा. १८३० च्या दशकात जॅरेड स्पार्क्सने वॉशिंग्टनची पत्रं १२ खंडांत छापली. काम अफाट, पण भाषा 'सुधारली'. वॉशिंग्टनने एका सेनापतीला आपलेपणाने 'ओल्ड पुट' म्हटलेलं, याने केलं 'जनरल पुटनम'. एका रकमेला त्याने पिसवाचा चावा म्हटलेलं, याने केलं 'गरजेच्या मानाने सर्वस्वी अपुरी'. आणि पहिल्या अध्यक्षीय भाषणाचा बाजूला टाकलेला एक मसुदा होता, त्याचे कात्रीने तुकडे करून लोकांना अक्षराचा नमुना म्हणून वाटले. अभ्यासक ते तुकडे अजून जुळवतायत.

शेवंतीताई, तुमचा राग मार्थाबाईंवर आहे. माझा स्पार्क्सवर आहे. तिने स्वतःचं जाळलं, याने दुसऱ्याचं कापलं.

---

रिचमंडकर

आणि मूळ प्रश्नाला थेट लागू पडणारं एक पत्र अजून कुणी सांगितलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचावं का, हा प्रश्न खुद्द वॉशिंग्टनसमोर आला होता.

नोव्हेंबर १७७६. न्यूयॉर्क गेलंय, फोर्ट वॉशिंग्टन पडलाय, फौज न्यू जर्सीतून मागे हटतेय. जोसेफ रीड (तिरफळबाईंच्या किश्श्यातला, पत्र नाकारणारा) हा त्याचा सगळ्यात विश्वासू माणूस. रीड कामावर बाहेर असताना वॉशिंग्टनच्याच सैन्यातल्या जनरल चार्ल्स लीचं त्याच्या नावाचं पत्र छावणीत आलं. सरकारी कामाचं असेल म्हणून वॉशिंग्टनने नेहमीसारखं फोडलं. आत ली लिहितोय की सेनापतीच्या मनाचा घातक डळमळीतपणा तुमच्याप्रमाणे मलाही खुपतो. म्हणजे रीडने आधी तसं लिहिलेलं होतं!

३० नोव्हेंबरला वॉशिंग्टनने ते पत्र रीडकडे पाठवलं, सोबत चिठ्ठी: हे खाजगी असेल अशी कल्पना नव्हती, तिथून तुमच्या कचेरीच्या कामाची येणारी बाकीची पत्रं उघडतो तसं उघडलं, हेच खरं आहे आणि हीच माझी सबब. मग रीडच्या प्रवासातल्या त्रासाबद्दल दोन शब्द, बायकोला शुभेच्छा. मजकुराबद्दल तक्रारीचं एक अक्षर नाही.

मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा पंचविशीत होतो. आता पन्नाशीत कळतंय त्या चिठ्ठीत किती दुखलं असेल ते. तीन आठवड्यांनी, १८ डिसेंबरला, त्याने भावाला लिहिलं की डाव जवळजवळ संपल्यात जमा आहे. आणि पंचवीसच्या रात्री छापा घालायला डेलावेअर नदी ओलांडली.

---

कावेरी_२२

रिचमंडकर, हे फार सुंदर सांगितलंत. माझा राग तसाच आहे, पण हे पत्र मी आजच वाचणार.

---

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मेजाच्या खणातलं दुसरं पत्र पुन्हा वाचलं, २३ जून १७७५ चं. अगदी लहान आहे. काही मिनिटांतच हे शहर सोडतोय, तुला दोन ओळी टाकल्याशिवाय निघवेना, आजूबाजूला माणसांची गर्दी आहे, असं म्हणतो.

मला वाटत होतं की मार्थाने त्याचा आवाज आपल्यापासून हिरावून घेतला. तुमचं वाचून लक्षात आलं की त्या दोघांतला तिचाच आवाज मी विचारात घेतला नव्हता. त्या ताज्या कलमात तो म्हणतो, तुझं १५ तारखेचं पत्र मिळालं. तिने त्याच दिवशी लिहिलं होतं ज्या दिवशी तिकडे त्याची नेमणूक झाली आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. त्यात तिने काय लिहिलं होतं? मलमलीबद्दल काही होतं का? तेही पत्र आता नाही.

कावेरीचं म्हणणं मला पटलंय, बोरकूटचंही पटलंय, आणि दोन्ही एकदम कसं पटतं ते मला सांगता येत नाही. नेवाळीताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

नेवाळी

सांगते. मलमलीचं मीही रात्री यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, आवडली का तिला?

---

शेवंती

तेच तर कळायला हवं होतं मला.